यंत्रांचा परकायाप्रवेश

दिल्लीच्या दक्षिण भागातील सरोजिनी नगर ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची जुनी वसाहत. पूर्वी हा परिसर विनय नगर म्हणून ओळखला जाई. पुढे त्यास सरोजिनी नायडूंचे नाव मिळाले. बाहेरच्या लोकांस तो निर्यातीतून उरलेल्या स्वस्त कपड्यांच्या बाजारासाठी ठाऊक आहे. पण नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून गेलेल्या कित्येक कुटुंबांना दिल्ली म्हटले की अशाच एखाद्या वसाहतीतील सरकारी घर आठवते. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने अशा सात वसाहतींच्या पुनर्बांधणीस मान्यता दिली, त्यांत सरोजिनी नगरही आहे. घर रिकामे करावयाचे म्हटले की माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात, आणि १९९० च्या दशकात वाढलेल्या मुलांच्या ट्रंकेतून हमखास निघते ती व्हिडिओ गेमची कॅसेट. ‘समुराई’, ‘मीडिया’ ही नावे त्या पिढीस अजून आठवत असतील. कनॉट प्लेसच्या पालिका बाजारात अशा कॅसेटींचा मोठा व्यापार चाले. कॅसेट हाती आहे, पण ती ज्या यंत्रात लावावयाची ते केव्हाच भंगारात गेले. मग आतील खेळाचे काय करावयाचे?

ह्या प्रश्नाचे उत्तर तत्त्वतः फार पूर्वी मिळाले आहे. १९३६ साली अॅलन ट्यूरिंग ह्या इंग्रज गणितज्ञाने असे दाखवून दिले की, पुरेशी स्मृती व योग्य आज्ञावली मिळाल्यास एकच गणनयंत्र इतर कोणत्याही गणनयंत्राचे काम हुबेहूब करू शकते. व्यवहारात ह्याची गरज प्रथम कार्यालयांस भासली. आयबीएम कंपनीने १९६४ मध्ये ‘सिस्टिम ३६०’ ही नवी संगणकमाला जाहीर केली, तेव्हा जुन्या ‘१४०१’ यंत्रासाठी लिहिलेल्या असंख्य आज्ञावल्या टाकून देण्यास गिऱ्हाइके तयार नव्हती. म्हणून नव्या यंत्रास जुन्याचे सोंग घेता येईल अशी व्यवस्था करण्यात आली. तिला ‘एम्युलेटर’ हे नाव पडले. आज मुले जे खेळासाठी वापरतात, ते मुळात पगारपत्रके वाचविण्यासाठी जन्मास आले.

हे सोंग वठते कसे, हे एका उदाहरणावरून कळेल. निन्टेंडो कंपनीचे १९८३ चे ‘फॅमिकॉम’ आणि त्याच्या अनेक नकला ‘६५०२’ ह्या प्रोसेसरच्या जातीवर चालत. ह्या प्रोसेसरला १६९ हा अंक दिसला की तो पुढचा अंक उचलून आपल्या ‘अ’ नावाच्या कप्प्यात ठेवतो. एम्युलेटर हेच शब्दांनी करतो: १६९ वाचला तर पुढचा अंक घे व ‘अ’ नाव दिलेल्या जागी लिही. अशा दीडशेच्या वर आज्ञांचे अर्थ त्याला पढवावे लागतात. मूळ यंत्राची कामाची स्मृती अवघी २ किलोबाइट. तेवढे नाटक करणे आजच्या कोणत्याही चिपला जड नाही.

अवघड आहे ते वेळेचे भान. मूळ यंत्रात प्रोसेसरची एक टिचकी होते तोवर चित्र काढणारी चिप तीन ठिपके रंगवून मोकळी होते. काही खेळ रचणाऱ्यांनी ह्या ताळमेळावरच आपल्या करामती बेतल्या. एम्युलेटर किंचित चुकला तरी अशा खेळात चित्र फाटते. वेळेची आणखी एक गंमत आहे. जपानातील दूरदर्शन संच सेकंदाला साठ वेळा पडदा उजळवीत, भारतातील पन्नास वेळा. त्यामुळे येथल्या संचांसाठी बनविलेल्या नकलयंत्रांवर जपानी खेळ सहाचे पाच इतक्या मंद गतीने चालत. आज तोच खेळ एम्युलेटरवर लावणाऱ्यास संगीत धावते आहे असे वाटते. वस्तुतः त्याने लहानपणी ऐकले तेच संथ होते.

आता ज्या यंत्रात हा परकायाप्रवेश घडवावयाचा त्याच्याकडे वळू. हातात धरावयाच्या प्रत्येक खेळयंत्रात फर्मवेअर नावाची मूळ आज्ञावली असते. कळ दाबताच ती जागी होते आणि काय चालू द्यावयाचे, काय नाही, हे ठरविते. सोनी कंपनीच्या डिसेंबर २००४ मध्ये जपानात निघालेल्या ‘पीएसपी’ यंत्रातील फर्मवेअर केवळ कंपनीची मुद्रा असलेलेच खेळ मान्य करी. हौशी तंत्रज्ञांनी त्यातील फटी शोधून बदललेले फर्मवेअर तयार केले. ते यंत्राच्या अंतर्गत स्मृतीवर लिहावे लागे, आणि धोका तेथेच होता. लिहिणे चालू असता वीज गेली, की यंत्र पुन्हा जागे होत नसे. ‘वीट झाली’ असे लोक म्हणत. २००७ साली ह्यावर नामी तोड निघाली. पीएसपीच्या बॅटरीत एक छोटी स्मृती असून तीत क्रमांक असतो. तो विशिष्ट प्रकारे बदलला की आपण दुरुस्ती केंद्रात आहोत असे यंत्रास वाटते, आणि बिघडलेले फर्मवेअर बाजूस ठेवून ते मेमरी कार्डावरून सुरू होते. सुरुवातीच्या नमुन्यांतील कित्येक मृत यंत्रे ह्या ‘पँडोरा’ बॅटरीने उठून बसली.

सध्याची ‘मियू मिनी’ किंवा ‘आरजी ३५ एक्सएक्स’ ही चिनी यंत्रे ह्या बाबतीत बरीच निर्धोक आहेत. ती लिनक्सवर चालतात व कार्डावरचे फर्मवेअर स्वीकारतात. पहिल्यासाठी ‘ओनियन’, दुसऱ्यासाठी ‘गार्लिक’ अशी स्वयंपाकघरातील नावे धारण करणारी फर्मवेअरे हौशी मंडळींनी रचली आहेत. यंत्राचा नेमका नमुना आधी पाहावा. ‘आरजी ३५ एक्सएक्स’ आणि त्याचा ‘प्लस’ हा भाऊ नावाने सारखे, परंतु आतील चिप निराळी, त्यामुळे एकाचे फर्मवेअर दुसऱ्यात उठत नाही. यंत्रासोबत येणारे कार्ड बहुधा हलक्या प्रतीचे असते. त्याची संपूर्ण नक्कल संगणकावर घेऊन ठेवावी आणि नवे फर्मवेअर चांगल्या कार्डावर उतरवावे. काही बिनसले तर कार्ड काढून जुने घातले, की यंत्र पूर्ववत्.

ह्या कार्डांवर विक्रेते हजारो खेळ आयते भरून देतात, ते मात्र बहुतेक विनापरवाना असतात. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वये संगणकाची आज्ञावली साहित्यकृतीप्रमाणे संरक्षित आहे. कायदेशीर प्रत ज्याच्यापाशी आहे त्यास ती नष्ट होण्याच्या भयास्तव राखीव प्रत करता येते. २०१२ साली जोडलेले कलम ६५-अ सांगते की हक्कभंगाच्या हेतूने संरक्षक कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. स्वतःची कॅसेट वाचक-उपकरणात घालून तीतील मजकूर उतरविणे आणि बाजारातून चोरीचा साठा घेणे ह्यांत अंतर आहे ते एवढे.

तरीही कायद्याची बाजू संपूर्ण सुखकर नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीनुसार २०१० पूर्वी त्या देशात प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज विकत मिळत नाहीत. त्याच वर्षी २७ मार्चला निन्टेंडोने ‘३डीएस’ यंत्राचे दुकानही बंद केले. जे विकतच मिळत नाही ते जपावयाचे कोणी, ह्याचे उत्तर कोणत्याच कलमात सापडत नाही.

आणि कॅसेट तर कोणासाठी थांबत नाही. परदेशातील एखाद्या आप्ताने आणलेली ‘गेम बॉय’ची कॅसेट असेल, तर खेळाचा मजकूर कायम असला तरी खेळणाऱ्याची साठवलेली प्रगती पुष्कळदा एका नाण्याएवढ्या बॅटरीच्या जिवावर टिकून असते. ही बॅटरी वीस वर्षांच्या आसपास संपते. ती बदलण्यासाठी काढली, की त्या क्षणी प्रगती पुसली जाते. म्हणून आधी वाचक-उपकरणाने साठवलेला भाग संगणकावर उतरवून घ्यावा, एम्युलेटरवर तो उघडतो ना हे पाहावे, मग जुनी बॅटरी काढून पट्ट्या जोडलेली नवी बॅटरी डाखावी, आणि शेवटी तो भाग पुन्हा कॅसेटीत चढवावा.