शिडाचं पोट आणि उरेबाची ओढ

सुती कापडाचा तुकडा ताण्याच्या किंवा बाण्याच्या दिशेने ओढला तर फारसा हलत नाही. तोच तिरपा ओढा, लगेच लांबतो. शिवणकाम करणाऱ्यांना ही उरेबाची ओढ ठाऊक असते. शर्यतीच्या छोट्या बोटीला नवं शीड घेताना पैसे मोजायचे ते बरेचसे याच ओढीसाठी.

इल्का-७ ही ऑलिंपिकमधली बोट, म्हणजे पूर्वीची लेझर, ४.२३ मीटर लांब. खलाशी एक, शीडही एकच, ७.०६ चौरस मीटरचं. हांगचौच्या आशियाई स्पर्धेत विष्णू सरवणनने कांस्यपदक मिळवलं ते हिच्यावरच. नियमानुसार सगळ्यांच्या बोटी सारख्या. मग फरक पडतो तो खलाशात आणि शीड किती थकलंय त्यात.

वारा भरला की शिडाला पोट येतं. फुगीर बाजूला हवेचा दाब कमी होतो आणि बोट ओढली जाते. हे पोट डोलकाठीकडून मोजलं तर रुंदीच्या मध्याच्या जरा अलीकडे हवं. कापड सैलावलं की जोराच्या वाऱ्यात ते मागे सरकतं, शिडाची मागची कड आत वळते आणि ओढ पुढे लागण्याऐवजी आडवी लागते. बोट कलते, खलाशी बाहेर लटकून मांड्या भरून घेतो, वेग मात्र वाढत नाही.

मग अजिबात न ताणणारं कापड का नको? कारण उरेबाची हीच ओढ कामालाही येते. डोलकाठीलगतची कड दोरीने खाली खेचली की तिथलं कापड उरेबात ताणलं जातं आणि पोट पुन्हा पुढे येतं. या दोरीला कनिंगहॅम म्हणतात. १९५८ साली अमेरिका कप जिंकणाऱ्या ‘कोलंबिया’चे कप्तान ब्रिग्ज कनिंगहॅम यांची ही युक्ती.

शिडाचं डेक्रॉन म्हणजे घट्ट विणलेलं पॉलिएस्टर, वर उरेबाची ओढ आवरणारा राळेचा थर. नवं शीड चुरगाळलं तर कागदासारखं वाजतं, जुनं रुमालासारखं मऊ लागतं. जुनं घेणाऱ्याने आधी मागची कड हातात धरून पाहावी.

सरावासाठी स्वस्त नकला मिळतात, पण शर्यतीत त्या चालत नाहीत आणि त्यांचं पोटही जरा वेगळं पडतं. त्यापेक्षा गेल्या मोसमाचं अधिकृत शीडच सरावाला बरं. नवं आणलंत तर घडी न घालता गुंडाळून ठेवा. आणि किनाऱ्यावर गप्पा रंगल्या असतील तर आधी शीड उतरवा. राळ सगळ्यात जास्त झिजते ती फडफडण्यानेच.