नवख्याची नोंद

सहकारी साखर कारखाना सभासदांच्या मालकीचा असतो, पण बिगर सभासदाचाही ऊस घेतो. त्या शेतकऱ्याला तीनच गोष्टी कळाव्या लागतात: नोंद कुठे करायची, तोड कधी येणार आणि पैसे कधी मिळणार. उत्तर मिळाले नाही, तर तो ऊस दुसऱ्या कारखान्याच्या गव्हाणीत जातो. अंबड तालुक्यातल्या अंकुशनगरमध्ये, कर्मवीर अंकुशराव टोपे समर्थ सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात, हे कुणाला वेगळे सांगायची गरज नाही. मराठीच्या वाट्याला आलेल्या मुक्त सॉफ्टवेअरची वीसेक वर्षे मागे वळून पाहताना मला सारखा हा बिगर सभासद आठवतो. परवान्याने सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुले झाले खरे. बाहेरचा माणूस मात्र तिथेच टिकला, जिथे त्याची नोंद घेणारे कुणीतरी बसलेले होते.

सुरुवातीचा काळ फॉन्टच्या कटकटीचा. एका संगणकावर टाइप केलेला मजकूर दुसऱ्यावर उघडला की अक्षरांचा चुराडा होई, कारण ज्याचा त्याचा फॉन्ट आणि ज्याची त्याची सांकेतिक पद्धत. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये लोहित फॉन्ट जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुले केले. भारतीय भाषांचे बरेच काम त्यांच्या पुण्याच्या कार्यालयात चालत असे. युनिकोडही तोवर रुळू लागले होते. तरी ‘दऱ्या’ हा शब्द नीट उमटेल याची खात्री नसे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, तिथे रफार वर चढतो. ‘दऱ्या’ डोंगरातल्या, तिथे अर्धा र आडवा यायला हवा. हिंदीपुरता विचार करून बांधलेल्या व्यवस्थेत तो आडवा र सहज निसटे. मराठी ल आणि श यांची वळणेही वेगळी. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण ठरवला.

अक्षरांतला असा दोष बंगळुरूच्या किंवा बोस्टनच्या प्रोग्रामरला दिसणार नाही, तो मराठी वाचणाऱ्यालाच दिसतो. म्हणजे या कामात सर्वांत मोलाची मदत कोडची एक ओळही न लिहिणारा माणूस करू शकत होता. कोणता फॉन्ट, कोणती आवृत्ती, कोणता शब्द आणि पडद्याचे एक चित्र, एवढे पाठवले की दुरुस्त करणाऱ्याचे निम्मे काम झाले. अडचण होती ती तक्रार नोंदवण्याच्या जागेची. खाते उघडा, इंग्रजी अर्ज भरा, दोष कुठल्या घटकात आहे ते ओळखा. ज्याला ते ओळखता येते, त्याला बाहेरचा म्हणायचे कशाला?

मराठी विकिपीडियाने ही पायरी बरीच उतरवली, आणि या सगळ्या काळातले तेच काम मला सर्वांत शिकण्यासारखे वाटते. १ मे २००३ ला सुरू झालेल्या या विकिपीडियावर नवख्याला हात साफ करायला धूळपाटी आहे, तिथे काहीही बिघडवले तरी चालते. शंका विचारायला चावडी आहे, आणि दोन्ही मराठीत. तरी पुष्कळ लोक संपादनाच्या चौकटीपर्यंत येऊन परत जात, कारण त्यांच्याकडे मराठी टंकलेखनाची सोयच नसे. मग २०११ च्या सुमारास ‘नारायम’ आले. मुळात मल्याळमसाठी बांधलेले हे साधन भारतीय भाषांच्या विकिपीडियांवर बसवले गेले आणि टंकलेखनाची सोय थेट चौकटीत आली. रोमन अक्षरे टाइप केली की देवनागरी उमटे. वेगळे काही बसवून घ्यायला नको. पुढे त्याची जागा दुसऱ्या साधनाने घेतली, पण सोय तीच राहिली. स्वागताचे फलक लावून जे झाले नसते, ते या एका सोयीने झाले.

कोड ठेवण्याचे गिटहब हे संकेतस्थळ २००८ मध्ये आले आणि बदल सुचवणे बटण दाबण्याइतके सोपे झाले. सोपेपणाची दुसरी बाजू २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये दिसली. चार बदल पाठवा आणि टी-शर्ट मिळवा, असा तो ऑक्टोबरमधला उपक्रम. माहितीपत्रकात एखादे विशेषण घुसडणाऱ्या निरर्थक बदलांचा पूर आला, प्रकल्प सांभाळणारे वैतागले, आणि संयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पाने सहभागाची तयारी दाखवली आहे, तिथलेच बदल धरायचे. असे बदल पाठवणाऱ्यांत भारतातले विद्यार्थी बरेच होते, आणि त्यांची तेव्हा यथेच्छ टिंगल झाली. मला ती टिंगल रुचली नाही. त्या मुलांना आत यायचे होते. आत आल्यावर काय करायचे, हे दाखवणारे कुणी नव्हते.

बाहेरच्याला आत घेण्याचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण म्हणजे मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट. हिशेब आणि साठा सांभाळणारे हे सॉफ्टवेअर जीपीएलखाली आहे. २०२२ च्या चौदाव्या आवृत्तीत त्यांनी देशविशिष्ट आणि क्षेत्रविशिष्ट भाग मुख्य सॉफ्टवेअरमधून वेगळे काढले. भारतातल्या जीएसटीचा भाग आज फ्रॅपेबाहेरची रेझिलियंट टेक ही कंपनी सांभाळते. बाहेरच्याला दोन ओळींची दुरुस्ती देण्याऐवजी सबंध खोलीची किल्ली देण्याचा हा प्रकार, आणि तो धाडसाचा आहे. २०२० मध्ये मुक्त सॉफ्टवेअरसाठी फॉस युनायटेड ही संस्थाही उभी राहिली, तिचे मेळावे शहराशहरांत भरतात. जालना जिल्ह्यातल्या मुलाला मात्र त्यासाठी पुण्या-मुंबईची गाडी पकडावी लागते, आणि सहभागाची माहितीपत्रके आजही बहुतेक इंग्रजीतच आहेत. ती मराठीत आणणे हेच पहिले काम म्हणून एखाद्या नवख्याला देता येईल. ते छोटे आहे, उपयोगाचे आहे आणि करता करता प्रकल्पाची ओळख करून देणारे आहे. फक्त त्याने पाठवलेले पान आठवड्याभरात कुणीतरी वाचले पाहिजे.

मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या आवाज-संग्रहाच्या प्रकल्पात तर तेवढीही तयारी लागत नाही. पडद्यावरचे वाक्य मोठ्याने वाचायचे, ते ध्वनिमुद्रित होते. दुसरे दोघे ऐकून बरोबर म्हणाले की ते संग्रहात ग्राह्य धरले जाते, आणि तो संग्रह कुणालाही वापरता येतो. मराठी तिथे आहे. वाक्येही लोकांनीच द्यायची असतात, मात्र ती स्वामित्वहक्कापासून पूर्ण मोकळी हवीत. ऊसतोड, वजनकाटा, उचल, पाचट यांची वाक्ये अंबड-घनसावंगीकडच्या माणसाने स्वतः रचून दिली, तर ती तशी मोकळीच असतील, आणि ती वाचायला त्याच भागातले आवाज लागतील.