बंदुकीवरचा नंबर घासू नका!

मुळगावात परवा ओळखीच्या काकांकडे वडिलोपार्जित बारा बोअर बंदूक पाहिली. पिकाच्या राखणीसाठी घेतलेली, परवाना चोख. नळीच्या मुळाशी गंज चढलेला आणि काका पॉलिश पेपर घेऊन बसलेले. मी त्यांना थांबवलं, कारण गंजाखालीच नंबर होता.

शस्त्रं हा घटनेनुसार केंद्राचा विषय. त्यामुळे गोवा असो वा महाराष्ट्र, कायदा एकच: शस्त्र अधिनियम, 1959. कलम 8 प्रमाणे बंदुकीवरचं नाव, नंबर किंवा खूण खोडणं, बदलणं, खोटी उठवणं हा गुन्हा आहे. शिक्षा कैदेची.

खरी मेख पुढे आहे. अशी बंदूक ज्याच्याकडे सापडेल, त्यानेच नंबर खोडला असं गृहीत धरतात. तसं नाही, हे त्यानेच सिद्ध करायचं!

शिवाय खोडलेलं लपतही नाही. ठसा मारताना अंकाखालचा धातूसुद्धा दबतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तो भाग गुळगुळीत करून त्यावर आम्लयुक्त रसायन फिरवतात. दबलेल्या धातूवर त्याचा परिणाम वेगळा होतो आणि अंक हळूहळू उमटू लागतात. फार खोल घासलं असेल तरच जमत नाही.

गंजावर तेलाचं मऊ फडकं फिरवा. नंबर परवान्याशी ताडून बघा. वाचता येत नसेल तर परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवा.