पुठ्ठ्यावरचा क्रमांक

अमेरिकेतल्या घोड्यांच्या प्रदर्शनात एक वर्ग असतो, त्यात घोड्यावर कुणी बसतच नाही. धावणं नाही, उडी नाही, गुरं वळवणं नाही. तोंडाला नुसती मोरखी बांधून घोडा रिंगणात उभा करायचा आणि परीक्षकांनी त्याच्या भोवती फिरून ठेवण पाहायची. मान कशी बसली आहे, छाती किती भरली आहे, पुठ्ठा किती गोल आहे. मोरखीला तिकडे हॉल्टर म्हणतात, म्हणून हा हॉल्टर वर्ग. १९७४ साली त्यात जगज्जेता ठरला क्वार्टर हॉर्स जातीचा 'इम्प्रेसिव्ह' नावाचा घोडा. जन्म १९६९ चा, अंगानं असा भरलेला की दगडातून कोरून काढावा. त्याच्यासारखा पुठ्ठा कुणी पाहिलेला नव्हता. साहजिकच प्रत्येकाला आपल्या घोडीच्या पोटी त्याचं शिंगरू हवं झालं. घोडी फळवण्याची फी पुढे २५ हजार डॉलरांपर्यंत चढली. त्याची सव्वादोन हजारांच्या आसपास शिंगरं झाली आणि त्यातली तीसएक स्वतः जगज्जेती ठरली. १९९३ मध्ये हॉल्टर वर्गातल्या पहिल्या पंधरा घोड्यांपैकी तेरा त्याच्या वंशातले होते.

याच वंशातली काही जनावरं मधूनच थरथरायला लागत. कातडीखाली स्नायू सापासारखे वळवळत, डोळ्याचं आतलं पापुद्र्यासारखं पातं पुढे येई, मागचे पाय मोडून घोडा कुत्र्यासारखा बसे, नाहीतर कोसळे. काही उठून पुन्हा चरायला लागत, काही तिथेच मरत. पोटशूळ असेल, थकवा असेल, असं म्हणून मालक वेळ मारून नेत. शेवटी १९९२ मध्ये डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारण शोधून काढलं. माणसांतही असाच एक आजार आहे आणि त्याचा जनुक नुकताच सापडला होता. तो धागा धरून ते घोड्यापर्यंत पोचले. स्नायूंच्या पेशीत सोडियम आत सोडणारं एक दार असतं. एका जनुकातल्या एका अक्षराच्या चुकीमुळे ते दार नीट मिटत नाही, स्नायू न सांगता आकसत राहतो आणि रक्तातलं पोटॅशियम वाढतं. लसूणघास आणि मळी ही घोड्याला आवडणारी खाद्यं, पण त्यांत पोटॅशियम भरपूर असल्यामुळे अशा घोड्याला तीच झटका आणू शकतात. रोगाचं लांबलचक नाव सोडून सगळे त्याला एचवायपीपी म्हणतात. तो प्रबळ आहे, म्हणजे आईबापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. मागे जात जात सगळ्या वाटा इम्प्रेसिव्हपाशी येऊन थांबल्या.

मला या कहाणीत सर्वांत जास्त बोचतं ते पुढचं. न सांगता आकसणाऱ्या स्नायूला बसल्या जागी व्यायाम घडत राहतो, त्यामुळे तो फुगतो. म्हणजे परीक्षक ज्या पुठ्ठ्याला पदक देत होते, त्याच्या गोलाईत रोगाचाही हात असू शकत होता. रोगी जनावर रिंगणात जिंकत होतं आणि जिंकलं म्हणून त्याची पैदास होत होती. चाचणी आल्यावर हे सगळ्यांना कळलं, तरी ते थांबलं नाही. क्वार्टर हॉर्सची नोंदवही ठेवणाऱ्या संघटनेनं १९९६ मध्ये याला आनुवंशिक दोष म्हटलं, १९९८ नंतर जन्मलेल्या इम्प्रेसिव्हच्या वंशजांच्या दाखल्यावर तशी नोंद सक्तीची केली आणि दोन्हीकडून दोष आलेल्या शिंगरांची नोंदणी बंद केली ती २००७ पासून. जनुक सापडल्यापासून पंधरा वर्षांनी. त्या अवधीत १९९२ साली जन्मलेल्या घोडीची नातसुद्धा व्यायला आली असेल. आणि ज्यांच्यात दोष एकाच बाजूनं आला आहे, त्यांना दार उघडंच राहिलं. अशा घोड्याच्या निम्म्या शिंगरांत दोष उतरतो, हे माहीत असूनही.

याच जातीतल्या दुसऱ्या एका घोड्याची कथा टेक्सासात अजूनही अभिमानानं सांगितली जाते. 'पोको ब्वेनो' १९४४ मध्ये जन्मला, १९६९ मध्ये गेला. मालकाचं त्याच्यावर इतकं प्रेम की घोड्याला उभ्यानं पुरावं असं त्यानं लिहून ठेवलं होतं. व्हर्नन गावाजवळ, वॅगनर रँचच्या दारासमोर, हमरस्त्याकडेला त्याला तसाच उभा पुरला आणि वर ग्रॅनाइटची शिळा बसवली. त्याच्या वंशात पुढे एक दोष उघड झाला. त्यात घोड्याच्या कातडीचे थर एकमेकांना धरून राहत नाहीत. शिंगरू दोन वर्षांचं होईपर्यंत काही दिसत नाही. मग पहिल्यांदा खोगीर चढतं आणि पाठीची कातडी फाटून सुटते. जखम भरत नाही, उपाय नाही. हा दोष दबलेला असतो, आईबाप दोघांकडून आला तरच बाधतो, त्यामुळे वाहक घोडा ठणठणीत दिसतो. गुरांच्या कळपातून एक जनावर वेगळं काढण्याच्या 'कटिंग' खेळातल्या घोड्यांमध्ये एका अभ्यासात चारातल्या एकापेक्षा जास्त वाहक निघाले. चार केस मुळासकट उपटून प्रयोगशाळेत पाठवले की उत्तर मिळतं. २०१५ पासून पैदाशीच्या घोड्याची आनुवंशिक दोषांसाठी चाचणी सक्तीची आहे, पण कातडीच्या या दोषापुरती ती केवळ माहितीसाठी. वाहकाला वाहक घोडी दाखवायची की नाही, हे मालकाच्या मनावर. आपल्याकडे घोड्याच्या बाजारात गिऱ्हाईक आधी अंगावरचे भोवरे तपासतं, अशुभ भोवरा निघाला तर चांगलं जनावर नाकारतं. तिकडे खरा भोवरा प्रयोगशाळेनं बोट ठेवून दाखवला, तरी घोडी फळवणारे फळवतच राहिले.

दोषाइतकाच प्रश्न संख्येचा आहे. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. रिंगणातली किंवा शर्यतीतली त्याची वर्षं पाच-सात. शर्यतीच्या थरोब्रेड जातीची उत्तर अमेरिकेत १९८६ या एका वर्षात ५१ हजारांवर शिंगरं नोंदली गेली. आता तो आकडा वीस हजारांच्या खाली आहे, पण मोजक्या लोकप्रिय नरांकडे जाणाऱ्या माद्यांची गर्दी वाढली. एका घोड्यानं वर्षाला १४० पेक्षा जास्त घोड्या फळवू नयेत, असा नियम तिथल्या जॉकी क्लबनं २०२० मध्ये केला. रक्ताची विविधता आटू नये, हा हेतू. केंटकीतल्या तीन मोठ्या पैदास केंद्रांनी कोर्टात धाव घेतली आणि २०२२ मध्ये क्लबनं नियम मागे घेतला. त्याच १९८६ साली केंटकी डर्बी जिंकलेला 'फर्डिनंड' पुढच्या वर्षी अमेरिकेचा सर्वोत्तम घोडा ठरला, १९९४ मध्ये पैदाशीसाठी जपानला विकला गेला, तिथे घोड्या येईनाशा झाल्या आणि २००२ च्या सुमारास तो कत्तलखान्यात गेला. बातमी अमेरिकेत पोचली तेव्हा लोक रडले. डर्बीविजेत्याची ही गत, तर ज्याचं नावही कुणाला आठवत नाही त्याचं काय?

निवृत्त घोड्याचा प्रश्न पुण्यालाही नवा नाही. पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जात. धनुर्वातावरचं, सर्पदंशावरचं प्रतिविष घोड्याच्या रक्तातून तयार होतं. हे प्रतिविष आपणच का करू नये, या विचारातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. मैदानातून सुटलेल्या घोड्याला तिथे पुन्हा राबावंच लागलं, पण तो कुठे गेला हे निदान कागदावर राहिलं.

अमेरिकेत २००७ साली घोड्यांचे उरलेले तीन कत्तलखाने बंद झाले, दोन टेक्सासातले आणि एक इलिनॉयमधला. अनेकांना वाटलं, सुटले घोडे. अमेरिकी संसदेच्या लेखापाल कार्यालयानं २०११ मध्ये हिशेब मांडला: २०१० साली १ लाख ३८ हजार घोडे कत्तलीसाठी मेक्सिको आणि कॅनडात गेले. म्हणजे कत्तलखाने बंद होण्याआधी अमेरिकेतले जितके घोडे कापले जात, जवळपास तितकेच. प्रवास तेवढा लांबला. पुढच्या वर्षांत हा आकडा बराच उतरला, पण लिलावात वजनावर घोडे घेणारे दलाल राहिलेच आणि त्यांना एक नवा धंदा सापडला.

माझी मावसबहीण डॅलसजवळ राहते. काही वर्षांपूर्वी एका रात्री तिच्याकडून एक फोटो आला. एक तांबडी घोडी, फासळ्या मोजाव्यात अशी, पुठ्ठ्यावर लिलावाचा क्रमांक चिकटवलेला. खाली मजकूर: शुक्रवारी संध्याकाळी ट्रक निघणार, तोवर पैसे भरले तर वाचेल. या पैशाला तिकडे 'बेल' म्हणतात, जामीन. जणू घोडीनंच काही गुन्हा केला होता. ताईनं दोनशे डॉलर पाठवले. आणखी वीस-पंचवीस अनोळखी माणसांनी पाठवले. शुक्रवारी 'वाचली' असा निरोप आला, सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. ती कुणाच्या दारात गेली, हे ताईनं तीनदा विचारलं. उत्तर आलं नाही. सोमवारी मात्र नवे फोटो आले, नवे क्रमांक, नवा शुक्रवार.

या व्यवहाराचं गणित साधं आहे. दलाल घोडं मांसाच्या भावानं घेतो आणि जामिनाच्या नावानं त्याच्या दुप्पट-तिप्पट भावाला विकतो. कत्तलखान्याशी त्याचा ठराविक संख्येचा करार असेल, तर सुटलेल्या घोडीच्या जागी पुढच्या लिलावातून दुसरी येते. ट्रक रिकामा जात नाही. उलट जामिनाच्या पैशातून दलालाच्या हाती पुढच्या लिलावासाठी जास्त भांडवल येतं, आणि ज्याला खरंच एक घोडं पाळायचं आहे अशा गिऱ्हाइकावर तो बोली चढवू शकतो. कित्येक घोडी तर कत्तलीसाठी घेतलेलीच नसतात, फोटो आणि मुदत हाच त्यांचा बाजार. ठिकठिकाणची जनावरं एका आवारात कोंबल्यानं घशाच्या गाठी सुजवणारा सांसर्गिक रोग त्यांच्यासोबत देशभर हिंडतो. वेगळं ठेवायला जागा नसलेला भाबडा माणूस सुटका केलेलं घोडं घरच्या पागेत आणतो आणि आधीचे तीनही आजारी पडतात. त्यात घोडी गाभण निघाली, तर एका जामिनावर दोन जीव गळ्यात. बेजबाबदार पैदास करणाऱ्याला याहून सोयीची व्यवस्था कोणती? नको असलेलं शिंगरू लिलावात सोडायचं, त्याचा भाव टिकवायला दयाळू लोकांची रांग उभीच आहे.

लबाडी नसेल तरीही सुटका बिघडते, आणि ते मला जास्त दुःखद वाटतं. शर्यतीतून निवृत्त झालेल्या घोड्यांसाठी अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला थरोब्रेड रिटायरमेंट फाउंडेशन निघालं. न्यूयॉर्कमधल्या वॉलकिल तुरुंगात कैद्यांच्या हाती निवृत्त घोडे सोपवण्याची त्यांची योजना फार सुंदर होती आणि चाललीही. पण घोडे घेत जाणं सोपं, गवताचं बिल भरत राहणं अवघड. २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं या संस्थेचे कित्येक घोडे वेगवेगळ्या फार्मवर उपाशी आणि दुर्लक्षित असल्याचं छापलं, पुढच्या वर्षी न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी संस्थेविरुद्ध दावा लावला, नंतर तो तडजोडीनं मिटला. २०१२ मध्ये थरोब्रेड आफ्टरकेअर अलायन्स ही तपासणी करून मान्यता देणारी संस्था उभी राहिली. हे आधीच व्हायला हवं होतं.

त्याहून चटका लावणारं साउथ डाकोटातलं प्रकरण आहे. रानटी मस्टँग घोड्यांच्या रक्षणासाठी झगडलेल्या व्हेल्मा जॉन्स्टन यांना लोक 'वाइल्ड हॉर्स अ‍ॅनी' म्हणत. त्यांच्या लढ्यामुळे १९५९ चा आणि १९७१ चा कायदा झाला. त्यांच्याच चळवळीतून निघालेल्या संस्थेच्या कुरणावर २०१६ मध्ये सरकारी पशुवैद्य गेले, तेव्हा आठशेवर घोडे होते आणि त्यांना पुरेल एवढं गवत नव्हतं. मूळ कळपांचं रक्त जपायचं म्हणून संस्थेनं नर खच्ची केले नव्हते, घोड्या वेगळ्या ठेवल्या नव्हत्या. दर वसंतात शिंगरं जन्मत होती. सुटका आणि पैदास एकाच कुंपणात चालू होती. घोडे प्रशासनाच्या ताब्यात गेले आणि त्यांना घरं शोधायला दुसऱ्या संस्थांना महिनोन्‌महिने राबावं लागलं.

म्हणून मला आता कुठल्याही सुटका केंद्राबद्दल विचारावंसं वाटतं ते हे: नर खच्ची करता का? आलेलं जनावर किती दिवस वेगळं ठेवता? दत्तक दिलेलं घोडं परत घेता का? हिशेब दाखवता का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तुम्ही कधी नाही म्हणता का?

ताईनं जामिनाचे पैसे भरणं सोडून दिलं आहे. ती आता दर शनिवारी गावाबाहेरच्या एका लहान केंद्रावर जाते, खरारा करते, पाण्याचे हौद घासते. परवा फोनवर ती रागावलेली होती. कुणीतरी गाडीच्या मागे ट्रेलर लावून एक म्हातारा घोडा आणला होता आणि केंद्र चालवणाऱ्या बाईंनी तो उतरवूनच घेतला नाही. दुसऱ्या दोन केंद्रांना स्वतः फोन केले, एकीकडे जागा मिळेपर्यंत त्या माणसाला जाऊ दिलं नाही, पण आपल्या फाटकातून घोडा आत घेतला नाही. "अगं, एवढी मोठी जागा आहे," ताई म्हणाली. "एक घोडा जड झाला असता का?"

मी विचारलं, त्या काय म्हणाल्या?

"मला गंजीपाशी घेऊन गेल्या," ताई म्हणाली. "गासड्या मोजून दाखवल्या. मार्चपर्यंत बावीस घोड्यांचं गवत आहे, म्हणाल्या, तेविसाव्याचं नाही."