शाळेतला बाजार आणि खरा नफा

धुळे जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत बाल आनंद मेळाव्याच्या निमित्तानं मुलांचा आठवडे बाजार भरतो. मेथीच्या जुड्या, बोरं, भेळ, घरचे पापड मांडून मुलं पटांगणात बसतात, मोठ्यानं भाव पुकारतात. पण खरं शिकणं संध्याकाळी हिशेबाला बसल्यावरच होतं. समजा, भेळीचं सामान आणलं १४० रुपयांचं आणि गल्ल्यात आले २००. मूल आनंदानं सांगतं, साठ रुपये नफा! तेव्हा विचारावं: घरचा कांदा, कोथिंबीर फुकट होती का? आईच्या दोन तासांच्या मेहनतीचं काय? उधारीवर गेलेल्या प्लेटा कुठे मांडल्या? दोंडाईच्याच्या बाजारात मिरचीची आवक वाढली की भाव का उतरतो, हेही मग सहज पटतं. उरलेली मेथी दुपारी निम्म्या भावात देताना मुलांनी ते अनुभवलेलं असतं. फोटो काढून हा विषय संपवणं म्हणजे मुलांवर अन्यायच.

पुढची पायरी बचतीची. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला पोस्टात ५०० रुपये भरून स्वतःच्या नावानं बचत खातं उघडता आणि चालवताही येतं. शिक्षकांनो, यंदाच्या बाजारानंतर एक तास हिशेबासाठी नक्की राखून ठेवा.