उंचावर जाणाऱ्या मालाचे पॅकिंग आधी चेंबरमध्ये तपासा



बेदाणे, लोणची, शेंगदाण्याची चिक्की, मसाले, फळांचे जॅम असे पदार्थ आज अनेक बचत गट व शेतकरी कंपन्या स्वतः पॅक करून दूरच्या बाजारपेठेत पाठवितात. काही माल विमानाने जातो, तर काही ट्रकने हिमालयातील खिंडी ओलांडून लेह-लडाखकडे जातो. निघताना उत्तम असलेला पाऊच तेथे टम्म फुगलेला किंवा सील सुटलेला निघतो. लोणच्याच्या बरणीतून तेल पाझरून खोका डागाळतो. एका बरणीच्या तेलाने सगळा खोका परत येऊ शकतो. अशा वेळी माल चांगला असतो, पॅकिंग मात्र उंचीला टिकलेले नसते. हा दोष माल पाठविण्यापूर्वीच ओळखता येतो.

उंचीवर काय घडते?

समुद्रसपाटीवर हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मि.मी. इतका असतो. जसजसे वर जावे तसतसा तो कमी होतो. लेह शहर सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथे दाब ४९० मि.मी.च्या आसपास असतो. श्रीनगर-लेह रस्त्यावरील फोटू ला ही खिंड ४,१०८ मीटरवर, तर मनाली-लेह रस्त्यावरील तांगलांग ला ५,३२८ मीटरवर आहे. मोठ्या विमानात आतील दाब साधारण ८,००० फुटांवरील दाबापेक्षा, म्हणजे ५६५ मि.मी.पेक्षा खाली जाऊ देत नाहीत. काही लहान मालवाहू विमानांत मात्र अशी सोय नसते.

बाहेरचा दाब कमी झाला की पाकिटात कोंडलेली हवा पसरते. रत्नागिरीत बंद केलेल्या पाऊचमध्ये १०० मि.लि. हवा असेल, तर १४,००० फुटांवर तिला १७० मि.लि. जागा लागते. पाऊच सैल असेल तर तो नुसता फुगतो; तंग असेल तर सर्व ताण सीलवर येतो. बरणी तर फुगूच शकत नाही. ५ सें.मी. व्यासाच्या झाकणाला त्या उंचीवर आतून सुमारे ८ किलो वजनाइतका रेटा बसतो. झाकण थोडे जरी सैल असले तरी तेल वाट काढते.

चेंबर म्हणजे काय?

पर्यावरण चाचणी कक्ष, म्हणजेच चेंबर, ही जाड भिंतींची, घट्ट दाराची पोलादी पेटी असते. व्हॅक्यूम पंपाने आतील हवा काढून हव्या त्या उंचीइतका दाब आणता येतो. काही चेंबरमध्ये थंडी व उष्णताही निर्माण करता येते. पॅकिंगच्या उंची-चाचणीसाठी एएसटीएम डी ६६५३ ही पद्धत वापरली जाते. त्यात साधारणपणे १४,००० फुटांइतका दाब एक तास ठेवतात. आपला माल मनालीमार्गे जाणार असेल तर ही उंची अपुरी ठरते. म्हणून चाचणी घेणाऱ्यास मालाचा मार्ग आधी सांगावा व त्यातील सर्वांत उंच ठिकाणाप्रमाणे दाब ठरवावा.

नमुने कसे द्यावेत?

१. खास निवडलेले नमुने देऊ नयेत. रोजच्या मशीनवर, रोजच्या कामगारांनी भरलेल्या मालातून सकाळ, दुपार व संध्याकाळचे नमुने घ्यावेत.

२. सुटी पाकिटे तसेच भरलेला पूर्ण खोकाही द्यावा.

३. चाचणीपूर्वी व नंतर प्रत्येक नमुन्याचे वजन घ्यावे.

४. माल कोठे पॅक केला ते लिहून द्यावे. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने तेथे कोंडलेली हवा मुळातच थोडी विरळ असते. त्यामुळे कोकणात भरलेल्या पाकिटावर ताण अधिक येतो.

निकाल कसा पाहावा?

चेंबरमध्ये पाऊच फुगला म्हणजे नापास झाला असे नव्हे. दाब पूर्ववत झाल्यावर तो मूळ आकारात आला, सील सरकले नाही व वजन घटले नाही, तर पॅकिंग योग्य समजावे. मात्र लेहच्या दुकानात तोच पाऊच फुगलेलाच दिसणार आणि माल आंबला असा ग्राहकाचा समज होणार, हे लक्षात ठेवावे. खाली आणल्यावरही फुगलेलाच राहणारा पदार्थ खराब झालेला असू शकतो. तो विकू नये, खाऊही नये.

दोष आढळल्यास उपाय

पाऊचमधील हवा शक्य तितकी कमी करावी. बेदाण्यासारखा माल व्हॅक्यूम पॅक केल्यास फुगण्याचा प्रश्नच राहत नाही. सीलच्या जागी तेल, मसाला वा भुकटी लागू देऊ नये. तेथेच सील प्रथम सुटते. लोणच्याच्या बरणीला झाकणाखाली अ‍ॅल्युमिनियमचे आतील सील लावावे व प्रत्येक बरणी वेगळ्या पिशवीत घालून उभी ठेवावी. गरम असताना भरलेल्या जॅमच्या बाटलीत थंड झाल्यावर निर्वात पोकळी तयार होते, त्यामुळे तिच्या झाकणावर आतून येणारा रेटा कमी असतो. छिद्रे असलेल्या पिशवीतील ताज्या द्राक्षांना या चाचणीची गरज नाही. हवा आपोआप बाहेर जाते.

घरची तपासणी

रोजच्या कामात काही पाकिटे पाण्याखाली धरून हाताने दाबावीत. बुडबुडे आले तर सीलिंग मशीनची उष्णता व दाब लगेच तपासावा. ही तपासणी चेंबरची जागा घेऊ शकत नाही, पण ढोबळ दोष पकडते.

नवीन पाऊच, नवीन झाकण किंवा नवीन मशीन आणल्यावर चाचणी पुन्हा करून घ्यावी. नमुन्यांची दहा-वीस पाकिटे चेंबरमध्ये फुटली तरी चालतील. गटाच्या वर्षभराच्या कष्टाचा माल खिंडीत फुटता कामा नये.