फेफऱ्याची पाच मिनिटे

प्रास्ताविक

अपस्मार हा विकार मराठी घरांत फेफरे, फीट किंवा आकडी या नावांनी ओळखला जातो. त्याविषयी समजुती पुष्कळ आणि माहिती अल्प, अशी स्थिती आहे. झटका लांबला असता मेंदूतील पेशींवर काय परिणाम होतो आणि त्यांना वाचवण्यासाठी प्रयोगशाळांत कोणते संशोधन झाले आहे, हे आपण या पाठात समजून घेणार आहोत.

मूळ पाठ

झाशी जिल्ह्यातील गुरसराय ही एकेकाळी मराठी सरदार घराण्याची जहागीर होती. अशा गावातील मराठी माणूस घरात ‘फेफरे’ म्हणतो आणि बाजारात ‘मिरगी’. समजा, तेथील बाजारात एखादा तरुण अचानक कोसळला आणि त्याचे हातपाय आकडू लागले. गर्दी जमते. कोणी चप्पल हुंगवतो, कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कोणी दातखीळ उघडण्यासाठी तोंडात चमचा घालतो. घड्याळाकडे मात्र कोणी पाहत नाही. वास्तविक त्या वेळी घड्याळच पाहायला हवे. असे का?

आपल्या मेंदूत अब्जावधी चेतापेशी आहेत. त्या सूक्ष्म विद्युत्संकेतांद्वारे एकमेकींशी संपर्क ठेवतात. काही रसायने या पेशींना उत्तेजित करतात, तर काही शांत करतात. हा तोल बिघडला की असंख्य पेशी एकाच वेळी संकेत सोडू लागतात. हाच फेफऱ्याचा झटका. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पण झटका थांबलाच नाही तर?

दीर्घ झटक्यानंतर मेंदूतील पेशी मरतात, हे वैद्यांना पूर्वीच ठाऊक होते. परंतु त्यांना मारतो कोण? खुद्द झटका, की झटक्यात पडणारी श्वासाची तूट आणि वाढणारा ताप? ब्रिटिश शास्त्रज्ञ ब्रायन मेल्ड्रम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली बबून माकडांवरील प्रयोगांतून याचे उत्तर शोधले. त्यांनी औषधाने माकडांचे स्नायू शिथिल केले व कृत्रिम श्वासोच्छ्वास चालू ठेवला. अंग आकडत नव्हते, श्वासही पुरेसा होता. मेंदूतील वादळ तेवढे चालू होते. अशा स्थितीत हानी कमी झाली, पण टळली नाही. म्हणजे ते वादळही पेशींचा घात करते.

हा घात कसा होतो? मेंदूतील ग्लुटामेट हे रसायन पेशींना उत्तेजित करते. त्याचा अतिरेक झाल्यास पेशी उत्तेजनेनेच मरतात, हा विचार अमेरिकेतील जॉन ओल्नी यांनी १९६९ साली मांडला. चेतापेशीच्या आवरणावर ग्लुटामेटने उघडणारी काही दारे असतात. एरवी मॅग्नेशियम त्या दारांना अडसरासारखे बसलेले असते. झटक्यात हा अडसर निघतो आणि कॅल्शियम लोंढ्याने आत शिरते. थोडे कॅल्शियम पेशीला आवश्यक असते; पण ते फार साचले की पेशीची अंतर्गत रचनाच मोडू लागते.

अमेरिकेतील रिचमंड येथील व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठात रॉबर्ट डिलोरेन्झो यांच्या प्रयोगशाळेने या प्रक्रियेचा बारकाईने अभ्यास केला. लक्ष्मीकांत देशपांडे हे या गटातील एक संशोधक. उंदरांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागातील पेशी तेथे काचेच्या बशीत वाढवल्या जात. त्यांच्याभोवतीच्या द्रावणातून मॅग्नेशियम काढून घेतले, की अडसर निघालेल्या त्या पेशींत बशीतच झटक्यासारखे संकेत उमटू लागत. देशपांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की ही अवस्था जितकी लांबली तितक्या अधिक पेशी मेल्या. आणि कॅल्शियमचे दार रोखले तेव्हा पुष्कळ पेशी वाचल्या. ज्या पेशी तगून राहत, त्यांच्यात पुढे आपोआप झटके उमटण्याची खोड जडे, असेही या प्रयोगशाळेने दाखवले होते.

अर्थात बशीतील पेशी म्हणजे माणूस नव्हे. मेंदूला इजा झाल्यानंतर पुढे अपस्मार जडूच नये, अशी खात्री देणारे औषध अद्याप हाती आलेले नाही. परंतु वेळेचे मोल या संशोधनाने निर्विवाद ठरवले. झटका लांबत जातो तसतशी तो थांबवणाऱ्या नेहमीच्या औषधांचीही शक्ती घटते. म्हणूनच अंग आकडण्याचा झटका पाच मिनिटांहून अधिक चालला, तर तो तातडीचा प्रसंग मानतात. अर्ध्या तासानंतर कायमच्या हानीचा धोका असतो.

तेव्हा असा प्रसंग समोर आला, तर प्रथम वेळ पाहावी. रुग्णाच्या डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, त्याला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, किंवा शुद्धीवर येण्यापूर्वी दुसरा आला, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. चप्पल शोधण्यात गेलेली मिनिटे परत येत नाहीत. आणि त्या मिनिटांत मेलेल्या पेशीही.

शब्दार्थ

चेतापेशी – संकेत वाहून नेणारी मेंदूतील पेशी
अडसर – दार उघडू नये म्हणून लावलेला आडवा दांडा
शिथिल – सैल, ढिले
तूट – कमतरता
निर्विवाद – वाद न उरलेले

स्वाध्याय

१. मेल्ड्रम यांनी माकडांना कृत्रिम श्वासोच्छ्वास का दिला असावा?
२. मॅग्नेशियमला ‘अडसर’ का म्हटले आहे, ते स्पष्ट करा.
३. ‘बशीतील पेशी म्हणजे माणूस नव्हे’ या विधानाचा आशय तुमच्या शब्दांत लिहा.
४. फेफऱ्याविषयी तुमच्या परिसरात कोणत्या समजुती आहेत? या पाठाच्या आधारे त्या तपासून पाहा.